नागफणीचा फोटो

मावळातल्या कितीतरी घरांत भिंतीवर हार घालून लावलेली माणसं मी तयार केलेली आहेत. तयार केलेली म्हणतो, कारण जिवंतपणी त्यांतल्या बहुतेकांनी एकट्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. माणूस गेला की चौथ्या-पाचव्या दिवशी घरातलं कोणीतरी माझ्या लोणावळ्याच्या स्टुडिओत यायचं, पिशवीतून लग्नाचा एखादा ग्रुप काढायचं आणि मागच्या रांगेतल्या एका डोक्यावर बोट ठेवायचं. “हे आमचं आबा. तेराव्याला पायजेत.” मग मी त्या ग्रुपमधून आबांचं डोकं उचलायचो, मोठं करायचो, शेजारच्याचा खांदा पुसायचो, अंगात कोट नसला तर कोट रंगवायचो. डोळे मिटलेले असले तर उघडायचो. या कामात माझा हात चांगला होता. इंदुरीपासून कुरवंड्यापर्यंतची माणसं माझ्याकडेच यायची.

माझी बायको गेली तेव्हा पाचव्या दिवशी माझी मोठी मेहुणी म्हणाली, “तुम्हाला काय सांगायचं, तुमचंच काम. तेराव्यापर्यंत तिचा एक मोठा फोटो करून ठेवा.” मी हो म्हटलं. गिऱ्हाइकाला म्हणतो तसंच म्हटलं. मग खाली स्टुडिओत येऊन कपाटं उघडली, आणि तिचा फोटो आपल्याकडे नाही हे लक्षात आलं.

हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. फोटोग्राफरच्या बायकोचा फोटो नाही म्हणजे काय? पण नव्हता. आमच्या लग्नाचासुद्धा नव्हता. लग्न इंदुरीला, तिच्या माहेरी झालं. कॅमेरा माझाच. मुंडावळ्या बांधलेल्या तशाच मी काळ्या फडक्याखाली शिरलो, सगळं वऱ्हाड नीट बसवलं, फोटो उमटतो ती काच कॅमेऱ्यात भरली आणि माझ्या मामांना सांगितलं, भिंगाचं टोपण काढा, एक-दोन-तीन म्हणा, टोपण लावा. मामांनी टोपण काढलं आणि सगळे नीट बसलेत का ते बघत उभे राहिले. जास्त उजेड खाऊन काच काळीठिक्कर निघाली. मामांची त्यावरून पुढे कित्येक वर्षं चेष्टा चालायची. पुन्हा काढू, असं आम्ही दोघंही म्हणत राहिलो. त्यानंतरच्या सगळ्या लग्नांत, बारशांत ती कॅमेऱ्याच्या माझ्या बाजूला असायची. पांढरी चादर धरून उजेड पाडायला, बायकांचे पदर सारखे करायला, रडणाऱ्या पोराला खुळखुळा दाखवायला. माझ्या फोटोंतली माणसं हसताना दिसतात ती तिच्याकडे बघून हसताहेत.

ती मार्गशीर्षात गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि सतराव्या दिवशी गेली. आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळे घरात रडणारं असं मेहुणीच. मला रडू आलं नाही. सगळं उरकून घरी आल्यावर मी अंघोळ केली आणि अंधारखोलीतले ट्रे घासून ठेवले. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर वगैरे काही नव्हता. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसा मी सगळाच झालो होतो. जेवण पुढे आलं की जेवत होतो, कोणी बोललं की उत्तर देत होतो.

नाही म्हणायला एका ठिकाणी ती माझ्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. पाच-सहा वर्षं, पुन्हा पुन्हा. ते नागफणीवर.

त्याचं असं झालं, कुसगावातल्या एका हॉटेलच्या मालकाला त्याच्या दर्शनी खोलीत लावायला दरीचा भला मोठा फोटो हवा होता. नागफणीचा कडा आणि खाली कोकण. “बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे,” तो म्हणाला. मला हे काम फार आवडलं. माझ्या स्टुडिओत डोंगर, तळं आणि हंस रंगवलेला एक पडदा होता. खरे डोंगर दाराबाहेर उभे असताना मुंबईची माणसं येऊन त्या हंसापुढे फोटो काढून घेत, आणि मी आतल्या आत चरफडत काढून देत असे. म्हटलं, एकदा खरं काहीतरी काढू.

पहिला फोटो मी एकटाच जाऊन काढला. कुरवंड्यापर्यंत पायी, तिथून पुढे डोंगराच्या सोंडेवर. समोर नागफणीचा कडा, त्याच्यापलीकडे सगळं मोकळं. तिथे उभं राहिलं की गुडघ्यांत पाणी व्हायचं. फोटो धुऊन बघितला तर समोर एक काळपट उंचवटा आणि त्याच्या मागे पांढुरकं काहीतरी. मालकाने चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, “हा तर शेताचा बांध वाटतो.” मला राग आला, पण तो खरं बोलत होता.

मग माझ्या नाकी नऊ आले. कॅमेरा खाली झुकवावा तर आभाळ जायचं, वर करावा तर दरीचा तळ जायचा. सकाळी गेलं तर कडा अंधारात, दुपार कलल्यावर ऊन कड्यावर यायचं तेव्हा कोकणातून धुरकट वाफ वर आलेली. पावसाळ्यात ढग, उन्हाळ्यात धूळ. पाऊस संपल्यावर कड्यावर पिवळी सोनकी फुलायची ते दहा-पंधरा दिवस काय ते बरे. धुरकटपणा कापायला भिंगावर पिवळी काच लावून पाहिली, दुसरी सोंड पाहिली. काही केल्या खोली येत नव्हती. नंतर मला वाटायला लागलं, की कड्यावर उभं राहिल्यावर माणूस नुसता डोळ्यांनी बघत नाही, पायांनीही बघतो. माझ्या कॅमेऱ्याला तीन पाय होते, पण त्यांतला एकही कापत नव्हता.

उपाय तिने काढला. भाजी निवडता निवडता म्हणाली, “मी उभी राहते की त्या कड्यावर. माणूस केवढा आणि कडा केवढा, ते कळेल.” मी म्हटलं, तू कशाला, इतक्या लांब चालायचं. ती म्हणाली, “मग दुसरी कोण येणार आहे तुमच्याबरोबर?”

सोंडेवर तिवई लावायची मी, आणि ती वळसा घालून पलीकडच्या कड्यावर जायची. मध्ये दरीचा एक घसा. खालून वारा असा वर यायचा की हाक मारून उपयोग नाही. म्हणून आम्ही रुमालाच्या खुणा ठरवल्या. एकदा हलवला की आणखी लांब जा. हात वर धरला की हलू नकोस. दोनदा हलवला की झालं, परत ये. ती एका हाताने डोक्यावरचा पदर धरून उभी राहायची आणि मी एकदा हलवायचो. ती सरकायची. मी पुन्हा एकदा हलवायचो. ती जितकी लहान दिसायची तितका कडा मोठा व्हायचा, हे मला उमगलं होतं आणि मी त्यावर बेहद्द खूश होतो.

कुरवंड्याच्या अगदी शेवटच्या घरात एक मावशी राहायची. नाचणीची दोन खाचरं आणि चार शेरडं, एवढं तिचं. जाता-येता आम्ही तिच्याकडे पाणी प्यायचो. शेरडं घेऊन ती सोंडेवरच असायची, त्यामुळे आमचा हा खेळ तिने पहिल्या दिवसापासून पाहिला. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “काय वो फोटूवालं, बायकुला कड्याव धाडताय व्हय? घरात काय भांडान झालंय का?” मी खुणा समजावून सांगितल्या. नंतर तर मी रुमाल काढला की तीच मोठ्याने सांगायची, “आजून लांब जा म्हनत्यात बाई,” जणू पलीकडे ऐकू जाणार होतं.

बरेचदा ऐन वेळी ढग यायचा. ती कड्यावर पोचलेली, मी काचेची झडप ओढून तयार, आणि खालून पांढरं असं भसकन वर यायचं की समोर काही उरायचंच नाही. मग वाट पाहून तीच परत यायची. दहा-पंधरा पावलांवर आली की ढगातून तिचा चेहरा दिसायला लागायचा. वैतागलेला, कधी हसणारा. झडप उघडी, ओल लागलेली, काच काही पुढे कामाची नाही, म्हणून मी चिडून तसंच बटण दाबून टाकायचो. असं पाच-सहा वेळा झालं असेल. एकदा पदर दातांत धरलेला. एकदा तोंड उघडं, काहीतरी बोलताना. ते मला आठवतं, “दिसतच नाही हो काही, चला घरी,” असं ती म्हणत होती.

शेवटी एका वर्षी, नवरात्र संपल्यावर, तो दिवस आला. आभाळ धुतल्यासारखं. ऊन आडवं, कड्याची प्रत्येक कपार वेगळी दिसत होती, आणि खाली नदीचा वळसासुद्धा. ती पार टोकाला गेली. मी हात वर धरला. एक काच घेतली, दुसरी घेतली, भिंगावरची पिवळी काच काढून तिसरी घेतली. मग फडक्याखाली शिरून झडपा लावणं, काचा पेटीत मोजून ठेवणं, चाललं होतं. मागून मावशीचा आवाज आला, “काय म्हनावं तुमाला. ती बाई तितं वाऱ्यात उभी, आन् तुमी फडक्यात तोंड घालून बसलाय.” मी बाहेर डोकं काढलं. ती तशीच उभी होती. अजिबात हललेली नव्हती. मी घाईने रुमाल दोनदा हलवला. परत आल्यावर तिचा एक कान लाल झाला होता आणि ती फक्त एवढंच म्हणाली, “विसरलात ना मला?” मी म्हटलं, “अगं, फोटो काय आलाय तुला सांगतो.”

आला होताच तसा. हॉटेलच्या मालकाने पाहिला, आणि जवळची खुर्ची ओढून खाली बसला. त्याच्या भिंतीवर तो लागला. एक मोठी प्रत मी माझ्या स्टुडिओत दारासमोर लावली. मुंबईची माणसं त्याच्यापुढे उभी राहून अरे बापरे म्हणायची आणि मग हंसापुढे जाऊन बसायची.

आता पाचव्या दिवसाकडे येतो. कपाटातून मी नागफणीच्या सगळ्या निगेटिव्ह काढल्या. सर्वांत चांगली, त्या दिवसाची दुसरी काच, फोटो मोठा करायच्या यंत्रात, एन्लार्जरमध्ये घातली आणि त्याचं डोकं सगळ्यात वर नेऊन चित्र जमिनीवर पाडलं. जमिनीवर पांढरा कागद अंथरला, त्यावर ओणवा झालो. कडा खोलीभर झाला. त्याच्या टोकाला ती टिचभर. पदर धरलेला हात कळत होता. तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी राखेसारखे चार कण होते, दोन काळे, दोन करडे. मी कागदाच्या आणखी जवळ गेलो, तर ते चारही विरले. एन्लार्जरचा दिवा तापून वास सुटेपर्यंत मी तसाच बसलो होतो. त्या वेळी मला काय वाटलं, असं मेहुणीने तीन दिवसांनी विचारलं. काही वाटलं नाही. हा ग्रुप कामाचा नाही, दुसरा आणा, असं गिऱ्हाइकाला सांगतो तेवढंच वाटलं.

मग मला ते ढगातले फोटो आठवले. जवळचे. तोंड स्पष्ट असलेले. मी तिन्ही कपाटं खाली केली, पेट्या उलथ्या केल्या, आणि शेवटची पेटी उलथताना हात थांबला.

आमच्या धंद्यात बिघडलेली काच फेकत नसत. काचा मिळायची मारामार होती. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्यात त्या भिजत घालायच्या. वरचा थर सुटतो, मग काथ्याने घासलं की काच लख्ख. तीच कापून गिऱ्हाइकांच्या छोट्या फ्रेमांना लावायची. हे काम ती करायची. सोमवारी दुकान बंद, तेव्हा मागच्या मोरीत बादली घेऊन बसायची. मला तो सोमवार दिसला. तिने बादलीत घालण्याआधी एक काच उजेडाला धरली होती.

“यात मी आहे बघा चांगली. घालवू का?”

मी आतून, न बघताच विचारलं होतं, “त्यात दरी कुठे आहे?”

“दरी नाही.”

“मग घालव.”

तिने घालवली. आणि एकच नाही, सगळ्या. स्वतःची तोंडं तिने स्वतःच काथ्याने घासून काढली, आणि मी त्या काचा कापून लोकांच्या आबा-आजींवर बसवल्या. कुठल्या घरात कुठली, ते आता सांगता येणार नाही.

आठव्या दिवशी मेहुणीला खरं काय ते सांगितलं. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “मग मला काढा. आम्ही सारख्याच दिसायचो. थोडं इकडेतिकडे करा.” हेही आमच्या धंद्यात चालायचं. जिचा फोटो नाही तिच्या बहिणीला बसवायचं आणि पेन्सिलीने नाक बारीक करायचं. असे मी अनेक केले होते. मेहुणीला खुर्चीवर बसवलं. पदर सारखा करायला कोणी नव्हतं, तिचा तिनेच केला. निगेटिव्ह झाली, मी भिंगाखाली धरली, पेन्सिलीला टोक काढलं आणि थांबलो. हनुवटीवरचा तीळ डावीकडे की उजवीकडे? भुवया जुळत होत्या की नव्हत्या? दिवसभर लोकांची तोंडं बघणारा मी, चौदा वर्षं समोर असलेलं तोंड मला आठवेना. आठवायचा तो पदर धरलेला हात, आणि लहान होत गेलेली ती. मेहुणीला विचारता आलं असतं. माझी लाज मला आडवी आली. पेन्सिल ठेवून दिली.

तेराव्याला मी भिंतीवरचा नागफणीचा फोटो उतरवला, वर नेऊन पाटावर ठेवला आणि त्याला हार घातला. नातेवाईक आत यायचे, हात जोडायचे आणि मग जोडलेल्या हातांनीच इकडेतिकडे बघायचे. एकाने हळूच विचारलं, “वहिनी कुठे आहेत यात?” मी बोट दाखवलं. तो वाकला, बराच वेळ बघत राहिला आणि “हो, हो,” म्हणाला. त्याला दिसलं नव्हतं. कोणालाच दिसलं नाही. मेहुणी माझ्याशी बोलायची बंद झाली, आणि तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

फोटो पुन्हा खाली दारासमोर लावला, हारासकट. दुकान चालू केलं. माघ गेला. मी हसा म्हणायचो, माणसं हसायची नाहीत, मी तसेच काढायचो.

शिमग्याच्या आधी एके दिवशी भर दुपारी कुरवंड्याची मावशी दारात आली. तिला उशिरा कळलं होतं. पदराखाली नाचणीच्या पिठाचं गाठोडं होतं, ते तिने काउंटरवर ठेवलं आणि नुसती उभी राहिली. मी बसा म्हटलं, तरी बसली नाही. ती भिंतीकडे बघत होती. तिला तिची सोंड कळली, कडा कळला. मग तिने सरळ हात पुढे केला आणि काचेवर, अगदी त्या जागी, बोट ठेवलं.

“ह्या काय हितं उभ्या हायत. पदर धरून.”

इतक्या दिवसांत तिला न विचारता ओळखणारं हे पहिलंच माणूस.

बोट तसंच ठेवून ती म्हणाली, “लय वारं आसतंय वो तितं.” मग माझ्याकडे वळली. हसत नव्हती, रागावलीही नव्हती. “दोनदा हालवला न्हाई व्हय तुमी रुमाल? या म्हना की आता त्यास्नी.”

चहा घ्या म्हटलं. नको म्हणाली, शेरडं मोकळी सोडून आलेय. ती गेली. काचेवर तिच्या बोटाचा ठसा राहिला होता.

मी खिशातून रुमाल काढला. बाहेर बाजारपेठ चालू होती, दार सताड उघडं होतं, आणि मी एवढा बाप्या माणूस भिंतीसमोर उभा राहून रुमाल दोनदा हलवला. ती काही हलली नाही. मी पुन्हा दोनदा हलवला. मग हात खाली घेता येईना. दाताच्या सुईचा अंमल उतरायला लागला की आधी मुंग्या येतात आणि मग सगळं एकदम ठणकतं, तसं झालं, आणि मार्गशीर्षापासून राहिलेलं रडू मला तिथे आलं.

मागे दारात एक नवं जोडपं येऊन उभं होतं. हंसापुढे फोटो काढायला आलेलं. त्या मुलाने घाबरत विचारलं, “आम्ही नंतर येऊ का?”

मी म्हटलं, “नको. थोडं थांबा.”